शुक्रवारचा पंचविसावा बाइट

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझा प्रोग्राम मी चालवून पाहिला. वारांच्या यादीत ‘शुक्रवारशनिवार’ असं जोडून का येतं आणि कंपायलर त्यावर चकार शब्द का काढत नाही, असं तू विचारलंस. सी भाषेत स्ट्रिंग हा वेगळा प्रकार नाहीच. एकापुढे एक मांडलेले बाइट असतात आणि शेवटी एक शून्य. ते शून्य भेटलं की छपाई थांबते.

आता माझ्याबरोबर मोज. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, उकार, क चा पाय मोडणारं चिन्हसुद्धा. (डेनिस रिचींनी १९७२ च्या सुमारास ही भाषा घडवली, तेव्हा एक अक्षर एका बाइटात बसायचं.) श, उकार, क, पायमोड, र, व, काना, र: ८ चिन्हं, २४ बाइट. तू प्रत्येक ओळीला नेमके २४ च दिलेस. शब्द मावला, शून्य बाहेर राहिलं. सी ला हे चालतं, म्हणून तक्रार नाही. छपाई मात्र पुढच्या ओळीत शिरली आणि शनिवारच्या शून्यापाशी थांबली. यादी जाहीर करताना पहिल्या ब्रॅकेटमध्ये वारांचे ७, दुसऱ्यात बाइटांचे २५ लिही. पहिला आकडा सोडलास तरी चालेल, वार कंपायलर मोजून घेतो. दुसरा सोडता येत नाही, कारण सोमवार शून्यावर धरला तर शुक्रवार ४ गुणिले २५, म्हणजे १०० बाइट ओलांडल्यावर लागतो, हे त्याला त्या आकड्यावरूनच कळतं.

पुढे वेळापत्रक करशील, त्याला तीन ब्रॅकेट लागतील: ६ दिवस, ८ तास, ४० बाइट. ‘भौतिकशास्त्र’ शून्यासकट ३७ बाइटांत बसतं. एकूण १९२० बाइट. विषय कीबोर्डवरून घेणार असशील तर हेच कर, जागा आधी हवी. विषय प्रोग्राममध्येच ठरलेले असतील तर कॅरेक्टर पॉइंटरचा ६ बाय ८ तक्ता पुरे. तिथं फक्त पत्ते राहतात. त्याला कॉन्स्ट लावायला विसरू नकोस. तास बदलायचा तर पत्ता बदल. कॉन्स्ट विसरून अवतरणातल्या शब्दाच्या अक्षरांना हात लावलास तर प्रोग्राम बहुधा जागीच कोसळेल.

आकडा लिहिण्याआधी सर्वांत लांब शब्द कागदावर मोजत जा, बाळा. मी हे उशिरा शिकलो, आणि तोवर कित्येक रात्री नको तिथं चूक शोधण्यात गेल्या.

वेळापत्रक दोन्ही पद्धतींनी लिहून पाठव. मी वाट पाहतो.

तुझा,
मामा