दिल्ली ते टोकियो : घड्याळाचा चकवा

दिल्ली व टोकियो यांमधील सरळ हवाई अंतर सुमारें ५,८५० किलोमीटर आहे. समजा, एक विमान रात्रीं ८ वाजतां दिल्ली सोडून सकाळीं ७ वाजतां टोकियोस उतरलें. दुसरें टोकियोहून दुपारीं १२ वाजतां निघून सायंकाळीं ६ वाजतां दिल्लीस पोहोंचलें. नुसती वजाबाकी केल्यास जाण्यास ११ व येण्यास ६ तास लागले असें दिसतें. आम्हींही प्रथम असेंच उत्तर काढलें होतें, आणि तें अगदीं उलट होतें! टोकियोचें घड्याळ दिल्लीच्या साडेतीन तास पुढें असतें. जातांना ते तास वजा करावे, येतांना मिळवावे; म्हणजे अनुक्रमें साडेसात व साडेनऊ तास येतात.

हा दोन तासांचा भेद मुख्यत्वें वाऱ्यामुळें पडतो. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रबळ वायुप्रवाह वाहतो. हिवाळ्यांत जपानवर त्याचा वेग ताशीं २०० किलोमीटरांहूनही अधिक असतो. पूर्वेस जाणाऱ्या विमानास तो पुढें लोटतो, परतणाऱ्यास अडवितो. वासाबुरो ओइशि या जपानी शास्त्रज्ञानें तातेनो येथें फुगे सोडून हा वारा मोजला व १९२६ सालीं आपला वृत्तान्त एस्परांतो भाषेंत छापिला. ती जगाची भाषा व्हावी म्हणून रचलेली खरी. पण वाचणारे थोडे, म्हणून परदेशांत त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.