कामकऱ्यांचे कॉलेज

मुलांनो, 'तालीम' हा शब्द तुम्ही रोज वापरता. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र तालीम म्हणजे आखाडा, किंवा नाटकाचा सराव. कोल्हापुरात जाऊन 'तालीम कुठे आहे?' असे विचारले, तर लोक तुम्हांला शाळेकडे नव्हे, लाल मातीच्या हौद्याकडे नेतील! ह्या पाठात दोन्ही अर्थ आपल्या उपयोगाचे आहेत. दिवसभर अंगमेहनत करायची आणि उरलेल्या वेळात इंजिनिअरिंगसारखे कठीण शिक्षण घ्यायचे, असे करणाऱ्या लोकांची माहिती आपण घेणार आहोत. अशा शिक्षणाला मराठीत 'दूरशिक्षण' म्हणतात. उर्दूतील 'फासलाती तालीम' ती हीच.

सुरुवात कोळशाच्या खाणीपासून करू.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात दगडी कोळशाच्या पुष्कळ खाणी होत्या. १८६९ साली तेथील ॲव्हनडेल खाणीत आग लागली. बाहेर पडायला एकच वाट होती आणि नेमकी तीच पेटली. ११० माणसे दगावली. त्यानंतर खाणींच्या सुरक्षिततेसाठी कायदे झाले. पुढे खाणीच्या मुकादमाला परीक्षा देणे सक्तीचे झाले. खाणीत हवा कशी खेळवावी, विषारी वायू कसा ओळखावा, हे त्याला आलेच पाहिजे. कायदा चांगला होता. पण पहाटे खाणीत उतरणारा आणि अंधार पडल्यावर वर येणारा मजूर शाळेत जाणार केव्हा?

थॉमस फॉस्टर नावाचे एक संपादक खाणकामाविषयीचे वर्तमानपत्र चालवीत. वाचकांच्या प्रश्नांना ते पत्रातून उत्तरे देत. त्यातूनच त्यांना एक युक्ती सुचली. १८९१ साली त्यांनी टपालाने धडे पाठवायला सुरुवात केली. जाडजूड ग्रंथांऐवजी लहान लहान पुस्तिका, सोपी भाषा आणि भरपूर उदाहरणे. मजुराने धडा वाचायचा, उत्तरे लिहून पाठवायची, ती तपासून परत यायची. स्क्रँटन गावातील ही संस्था थोड्याच वर्षांत लाखो कामगारांना शिकवू लागली. शाळेची घंटा वाजेल तेव्हा विद्यार्थ्याने यायचे, हा जुना नियम येथे उलटा झाला. विद्यार्थ्याला सवड होईल तेव्हा शाळा त्याच्या घरी येऊ लागली.

मग दुसरे महायुद्ध आले. ते संपत आले तेव्हा अमेरिकन सरकारला चिंता पडली, की लाखो सैनिक घरी परतल्यावर करणार काय? म्हणून १९४४ साली एक कायदा झाला. लोक त्याला 'जी.आय. बिल' म्हणतात. युद्धावरून आलेल्या सैनिकाच्या शिक्षणाचा खर्च सरकारने द्यावा, असे त्यात ठरले. सुमारे २२ लाख माजी सैनिक ह्या कायद्यामुळे कॉलेजात गेले. पण प्रत्येकाला कॉलेजच्या गावी जाऊन राहणे शक्य नव्हते. कोणाला बायकामुले होती, कोणी नोकरी धरली होती. १९५१ साली डोनाल्ड ग्रँथम ह्या माजी सैनिकाने अशा लोकांसाठी टपालाने इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला सुरुवात केली. ही शाळा पुढे इंटरनेटवर आली, विद्यापीठ झाली आणि २०२१ साली आर्कान्सा राज्याच्या सरकारी विद्यापीठ-समूहात सामील झाली. टपाल जाऊन इंटरनेट आले, तरी विद्यार्थी त्याच प्रकारचे राहिले : कारखान्यातले कामगार, लहान मुलांच्या आया आणि सैनिक.

सैनिक शिकतो कसा? समजा, तो नौदलाच्या जहाजावर यंत्र सांभाळतो. त्याची पाळी रात्रीची आहे. इंटरनेट कधी मिळते, कधी नाही. म्हणून व्याख्यान ठरावीक वेळी नसते. ते आधीच भरून ठेवलेले असते. जोडणी मिळाली की धडे उतरवून घ्यायचे, पाळी संपल्यावर अभ्यास करायचा आणि आठवड्याच्या मुदतीत गृहपाठ धाडायचा. दिवस कोणता, तास कोणता, हे त्याने ठरवावे. मुदत मात्र शिक्षक ठरवतात. 'लवचीक' शिक्षण म्हणतात ते एवढ्यापुरतेच लवचीक असते. जाहिरातीत ही दुसरी बाजू बारीक अक्षरांत असते!

आता वही काढा. आपण एक हिशोब करू.

अमेरिकेत अभ्यास 'श्रेयांकां'त मोजतात. पदवीला साधारण १२० श्रेयांक लागतात. एक विषय बहुधा ३ श्रेयांकांचा असतो. म्हणजे ४० विषय झाले. नोकरीत असलेल्या सैनिकाला सरकार एका श्रेयांकामागे २५० डॉलरपर्यंत फी देते. वर्षाची मर्यादा ४,५०० डॉलर. भागाकार करा : वर्षाला १८ श्रेयांक, म्हणजे ६ विषय. १२० भागिले १८ केले, तर जवळजवळ पावणेसात वर्षे होतात! एवढा काळ रोज ड्यूटीनंतर पुस्तक उघडायचे. शिवाय विषयात फारच कमी श्रेणी मिळाली, तर सरकारने दिलेली फी सैनिकाला परत करावी लागते.

पण त्याला एक सवलत आहे आणि मला ती फार न्यायाची वाटते. सैन्यात त्याने रडार दुरुस्त करायला शिकले असेल, तर ते शिक्षणच नव्हे काय? अमेरिकेतील एक शिक्षण परिषद १९४० च्या दशकापासून सैन्यातील प्रशिक्षणाची तपासणी करते आणि कोणत्या कामाला किती श्रेयांक द्यावेत, ह्याची शिफारस करते. ती मानायची की नाही, हे कॉलेज ठरवते. समजा, कॉलेजने ३० श्रेयांक मान्य केले. उरले ९०. आता पुन्हा भागाकार करा. बरोबर पाच वर्षे! हाताने शिकलेली विद्या कागदावर मोजली गेली, तर माणसाच्या आयुष्याची पावणेदोन वर्षे वाचतात.

वर्गात हा पाठ शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : 'सर, इतिहास घरी वाचता येईल, पण वीज घरी कशी शिकायची?' प्रश्न अगदी योग्य आहे. संगणकाच्या पडद्यावर सर्किट जोडून पाहता येते. काही कॉलेजे प्रयोगाची पेटी घरी पाठवतात; तिच्यात तारा, लहान भाग आणि मल्टिमीटर असतो. पण मोठी यंत्रे पेटीत मावत नाहीत. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने साधा मार्ग काढला. पाठ घरी बसून शिका. प्रयोगांसाठी मात्र उन्हाळ्यात काही दिवस विद्यापीठात या आणि यंत्रांवर स्वतः काम करा. कामगार आपली रजा त्यासाठी राखून ठेवतो. तालमीत उतरल्याशिवाय पैलवान होत नाही, हे तेथील प्राध्यापकांनाही ठाऊक आहे.

आता जरा वाईट गोष्टही ऐका. सैनिकामागे सरकारचा पैसा असतो. त्यामुळे नफ्यासाठी चालणाऱ्या काही कॉलेजांचा त्याच्यावर डोळा असतो. आय.टी.टी. टेक नावाच्या खाजगी संस्थेची शंभराहून अधिक केंद्रे होती आणि ऑनलाइन वर्गही होते. सप्टेंबर २०१६ मध्ये ती एकदम बंद पडली. हजारो विद्यार्थी अर्ध्या वाटेवर राहिले. त्यांत पुष्कळ माजी सैनिक होते. जी.आय. बिलाचा लाभ साधारण ३६ महिने मिळतो. ह्या सैनिकांचे कित्येक महिने खर्च झाले होते आणि तेथील श्रेयांक दुसरी बरीच कॉलेजे घेईनात. पैसा गेला तर मिळवता येईल, पण गेलेले महिने कोण देणार? शेवटी २०१७ साली नवा कायदा करून बंद पडलेल्या शाळांत वाया गेलेला लाभ परत देण्याची सोय करावी लागली. २०२२ साली सरकारने ह्या संस्थेच्या सुमारे दोन लाख माजी विद्यार्थ्यांची शैक्षणिक कर्जेही माफ केली.

आपल्या देशात नियम वेगळे आहेत, ते नीट वाचा. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने परवानगीशिवाय टपालाने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांविरुद्ध निकाल दिला. २०२० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे इंजिनिअरिंगची पदवी दूरशिक्षणाने देता येत नाही. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी वर्ग भरवायला मात्र २०२३ पासून इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळू लागली. मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२० साली डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. तो विज्ञान शाखेचा आहे, इंजिनिअरिंगचा नाही. तेथे पाठ घरी ऐकता येतात. पण मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर द्यावी लागते.

तुमच्या घरी भाईजान गॅरेजमध्ये किंवा वर्कशॉपमध्ये काम करीत असतील. उद्या ते म्हणतील, 'घरबसल्या दोन वर्षांत इंजिनिअर, अशी जाहिरात आली आहे.' तेव्हा फी भरण्याआधी त्यांच्याबरोबर बसा आणि तीन गोष्टी विचारा. मान्यता कोणाची? प्रयोग कोठे करायचे? परीक्षा कोण घेणार? मान्यताप्राप्त संस्थांची यादी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर असते. ती भाईजानना तुम्हीच उघडून द्या.