पायऱ्या मोजा, वेळ ओळखा

गणितातले उदाहरण आपण ठरावीक पायऱ्यांनी सोडवतो. अशा क्रमवार पायऱ्यांच्या रीतीला 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द अल्-ख्वारिज्मी या विद्वानांच्या नावावरून आला. नवव्या शतकात ते बगदादच्या 'बैतुल हिकमत'मध्ये काम करीत. बाराव्या शतकात त्यांच्या गणिताच्या ग्रंथाचे लॅटिन भाषेत भाषांतर झाले. आज संगणकही अशाच रीतींनी काम करतो.

एका कामाच्या अनेक रीती असू शकतात. त्यांतली चांगली कोणती? केवळ घड्याळ लावून हे कळत नाही. कारण एक यंत्र वेगवान असते, तर दुसरे मंद. म्हणून पायऱ्या मोजाव्यात. काम दुप्पट झाले की पायऱ्या किती वाढतात, ते पाहावे.

समजा, एका यादीत १००० नावे कशीही लिहिलेली आहेत. त्यांतून एक नाव शोधायचे आहे. कधी कधी सगळी १००० नावे वाचावी लागतील. यादी दुप्पट झाली, तर कष्टही दुप्पट. आता शब्दकोशात शब्द असतात, तशी ही नावे क्रमाने लावा आणि मधले नाव पाहा. हवे असलेले नाव त्याच्या आधी आहे की नंतर, हे लगेच कळते. अर्धी यादी बाजूला पडते. उरलेल्या यादीत पुन्हा तसेच करा. १००० नावांसाठी फार तर १० वेळा पाहावे लागते. यादी दुप्पट झाली, तर फक्त एक पायरी वाढते! १० लाख नावांनाही २० पायऱ्या पुरतात.

काही रीती मात्र महाग पडतात. ईदच्या नमाजानंतर १० मित्रांनी एकमेकांची गळाभेट घेतली, तर ४५ भेटी होतात. मित्र २० झाले, तर भेटी १९०! माणसे दुप्पट, पण भेटी चौपटीहून अधिक.

आता मतदारांच्या १० लाख नावांत एखादे नाव दोनदा आले आहे का, ते शोधू. प्रत्येक नाव दुसऱ्या प्रत्येक नावाशी ताडले, तर सुमारे ५० हजार कोटी तुलना होतात. सेकंदाला १० कोटी तुलना करणाऱ्या संगणकालाही सुमारे ८३ मिनिटे लागतील. नावे २० लाख झाली, तर सुमारे साडेपाच तास! पण यादीचे लहान लहान भाग क्रमाने लावून ते जोडत गेले, तर सुमारे २ कोटी तुलनांत सारी यादी क्रमाने लागते. सारखी नावे शेजारी शेजारी येतात. मग फक्त शेजारची नावे ताडायची. तोच संगणक हे काम एका सेकंदाच्या आत करील.

दहापट वेगवान संगणक आणला, तरी पहिल्या रीतीला आठ मिनिटे लागतीलच. म्हणून मुलांनो, नवे यंत्र मागण्याआधी रीत तपासावी. पैशाने यंत्र मिळते; चांगली रीत मात्र विचारानेच सापडते.

शब्दार्थ
ठरावीक – नेमके. मंद – हळू चालणारे. ताडणे – पडताळून पाहणे

स्वाध्याय
१. केवळ घड्याळ लावून चांगली रीत का ओळखता येत नाही?
२. ३० मित्रांच्या किती गळाभेटी होतील?
३. क्रमाने लावलेल्या ६४ नावांतून एक नाव शोधण्यास फार तर किती वेळा पाहावे लागेल?
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : वेगवान, महाग, आधी.