कार्यालयातील चोरी : चौकशी आणि जबाबदारी

सकाळी कार्यालय उघडावे आणि दप्तराच्या कपाटाचे कुलूप तुटलेले आढळावे, असा प्रसंग कोणत्याही ग्रामपंचायतीवर, शाळेवर वा शासकीय कार्यालयावर येऊ शकतो. अशा वेळी होणारे नुकसान केवळ रोख रकमेचे नसते. जन्म-मृत्यूची नोंदवही अथवा शाळेचे जनरल रजिस्टर गहाळ झाल्यास अनेक नागरिकांच्या जन्मतारखेचा पुरावाच धोक्यात येतो. म्हणून अशा घटनेनंतर काय करावे, याची माहिती प्रत्येक कार्यालयप्रमुखास असणे अगत्याचे आहे.

जागेचे रक्षण

विस्कटलेले कागद आवरण्याची घाई ही नेहमी घडणारी चूक होय. त्यामुळे बोटांचे व पावलांचे ठसे नष्ट होतात. खोली बंद करून तेथे एक जबाबदार व्यक्ती उभी करावी. कार्यालय कोणी व किती वाजता उघडले, त्या वेळी कोण हजर होते, याची नोंद तत्काळ करावी व पोलिसांना विनाविलंब कळवावे. दिनांक १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमानेही देता येते. मात्र खबर देणाऱ्याने तीवर ३ दिवसांच्या आत स्वाक्षरी करणे आवश्यक असते. प्रथम खबरीची प्रत त्यास विनामूल्य मिळते.

नोंदींची पडताळणी

पंचनामा झाल्यानंतर रोकडवहीतील शिल्लक प्रत्यक्ष रकमेशी ताडून पाहावी आणि गहाळ दप्तराची क्रमांकवार यादी करावी. किल्ल्या कोणाकडे होत्या, हे लेखी नोंदीवरून ठरवावे.

संगणकीय माहितीची चोरी झाल्यास यंत्र जाळ्यापासून अलग करावे. त्यातील काहीही पुसून टाकू नये. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार शासकीय संस्थांनी विहित प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावयाच्या असतात. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

संशय आणि पुरावा

गुन्हेगाराचा शोध घेणे हे पोलिसांचे काम. व्यवस्थेत कोठे ढिलाई झाली हे पाहणे कार्यालयाचे. या दोहोंची गल्लत झाली की पहिला संशय बहुधा शिपाई वा पहारेकरी यांच्यावर जातो आणि एखाद्या निरपराध कुटुंबाची भाकरी हिरावली जाते. म्हणून प्रत्येकाचा जबाब स्वतंत्रपणे घ्यावा, तो वाचून दाखवावा आणि मगच सही घ्यावी. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांस महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू आहेत. बडतर्फीसारखी जबर शिक्षा देण्यापूर्वी दोषारोप लेखी कळविणे व बचावाची संधी देणे त्यांत सर्वसाधारणपणे बंधनकारक आहे.

चौकशीचा अहवाल फाइलबंद झाला म्हणजे कर्तव्य संपत नाही. किल्ल्यांची नोंदवही, रोकड वेळेवर बँकेत भरणे, महत्त्वाच्या दप्तराची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे, हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. ते अमलात आले तरच चौकशी सार्थकी लागली असे म्हणता येईल.