गवताचा वास जाईपर्यंत

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना गांजा कायदेशीर आहे. आमच्या ऑन्टारिओत घरटी चार झाडं लावता येतात. घरटी, माणशी नव्हे. शेजारच्या क्वेबेकमध्ये एकही नाही. मी दर उन्हाळ्यात परसात लावते. झाड वाढवायचं कसं हे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण तुरे चांगले निघणार की वाया जाणार, हे कापल्यानंतरच्या महिन्या-दीड महिन्यात ठरतं. त्याविषयी हे थोडं.

१. ऊन विसरा. वाळवण म्हटलं की आपल्याला गच्ची, जुनी साडी आणि वैशाखातलं ऊन आठवतं. इथे ते चालत नाही. तुऱ्यांवर राळेचे जे बारीक दाणे चमकतात, सगळा कस त्यांत असतो आणि उजेडाने तो उतरतो. फेअरबेर्न आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेला अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला. साठवणीत सर्वांत जास्त नुकसान उजेड करतो, असं त्यात दिसलं. अंधारात नीट ठेवलेला गांजा साध्या तापमानालाही वर्ष-दोन वर्षं टिकतो. म्हणून खोली अंधारी हवी.

२. पाण्याला त्याच्या चालीने जाऊ द्यावं. फांद्या उलट्या टांगायच्या, एकमेकींना न चिकटवता. तापमान १८ ते २० अंश, हवेतली आर्द्रता ५५ ते ६० टक्के. पंखा खोलीत फिरता असावा, तुऱ्यांवर रोखलेला नसावा. सात ते चौदा दिवस लागतात. कापलेल्या फांदीतल्या पेशी लगेच मरत नाहीत. ओल आहे तोवर आतलं हरितद्रव्य आणि पिठूळ अंश मोडत राहतो. ओव्हनमध्ये किंवा हीटरपुढे वाळवलं की हे काम मध्येच थांबतं. मग गवताचा वास आणि घशाला लागणारा तिखटपणा कायमचा राहतो. घाईने वाळवलेला गांजा नंतर बरणीत मुरवून सुधारतो, यावर माझा अजिबात विश्वास नाही.

ऑन्टारिओतला ऑक्टोबर यात फार त्रास देतो. सुरुवातीला पाऊस असतो, तळघर दमट असतं, ओल खेचणारं यंत्र लावावं लागतं. मग एका थंड रात्री घर तापवणारी भट्टी सुरू होते आणि हवा एकदम कोरडी ठक्क. त्या दिवशी यंत्र बंद करून खोलीत पाण्याचं पातेलं ठेवावं लागतं. आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, तो आधी घ्या. महागड्या बरण्या नंतर.

३. बारीक काडी कटकन मोडली आणि जाड देठ अजून वाकतोय, तर बरणीची वेळ झाली. वजन तोवर चौथाई-पाचवा हिस्सा उरतं. इथला कायदाही पाच ग्रॅम ओला म्हणजे एक ग्रॅम सुका असाच हिशेब धरतो.

४. बरणी काचेची, रुंद तोंडाची, पाऊण भरलेली. दाबून भरू नये. संध्याकाळी कुरकुरीत वाटलेले तुरे सकाळी मऊ लागतात, तेव्हा नवखा माणूस घाबरतो. गाभ्यातलं पाणी बाहेरच्या थरात आलेलं असतं, दुसरं काही नाही. मापक आत टाकून झाकण लावा आणि दुसऱ्या दिवशी आकडा बघा. ६५च्या वर असेल तर सगळं बाहेर काढून पसरा. ५८ ते ६२ असेल तर उत्तम. ५५च्या खाली गेलं तर मुरणं जवळजवळ थांबतं. ओलाव्याच्या पुड्या टाकल्या तर मऊपणा परत येतो, उडालेला वास येत नाही.

पहिला आठवडा दिवसातून दोनदा झाकण उघडायचं, दहा-पंधरा मिनिटं हवा द्यायची, बरणी हलक्या हाताने फिरवायची. दुसऱ्या आठवड्यात रोज एकदा, पुढे आठवड्यातून एकदा. नाकाला अमोनिया झोंबला तर आत ओल जास्त आहे आणि हवेविना जिवाणू माजलेत. त्या बरणीतले तुरे दिवसभर बाहेर ठेवावेत. तीन-चार आठवडे हे कमीत कमी. मी दोन महिने थांबते, कारण फरक कळतो. आधी ओल्या गवताचा वास असतो, तो हळूहळू विरतो आणि खालचे वास वर येतात: लिंबाच्या सालीचा, चिडाचा, आणि मायर्सीनचा, जे आपल्या आंब्यातही असतं. ही सुगंधी द्रव्यं फार लवकर उडतात, म्हणून बरणी उगाच उघडून हुंगत बसू नये.

५. बुरशी दिसली की ती बरणी टाकायची. खराब भाग कापून उरलेलं ठेवायचं नाही. सगळ्यांत जाड तुरा मधोमध फोडून बघा. पावसात भिजलेल्या झाडाचा गाभा बाहेरून कळू न देता करडा पडतो. भिंगाखाली राळेच्या दाण्याला देठ आणि गोल डोकं दिसतं, बुरशीचे नुसते तंतू असतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

६. बरणीवर कापल्याची तारीख लिहा, कपाटाला कुलूप लावा. घरात मुलं असोत वा नसोत, पाहुण्यांची असतात.

७. गांजा भारतात नेण्याचा विचारही नको. कॅनडाची सीमा ओलांडताना तो जवळ असणं, जाताना असो की येताना, गुन्हा आहे. आणि भारताच्या १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे नेमका हाच, झाडाचा फुलोऱ्याचा शेंडा. भाचा फोनवर "मावशी, चिमूटभर आण गं" म्हणतो. त्याला मी दर वेळी नाहीच सांगते.