मोरो त्रिंबक पिंगळे : लेखणी आणि तलवार यांचे एक पद

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• मोरोपंत पिंगळे यांच्या कार्याचे टप्पे सांगता येतील;
• शिवकालीन ‘पेशवा’ या पदाचा अर्थ स्पष्ट करता येईल;
• जुन्या पदनामांना आजचा अर्थ चिकटवणे का टाळावे, हे समजेल.

१. प्रस्तावना
विद्यार्थी मित्रहो, त्र्यंबकेश्वराच्या मंदिरामागे ब्रह्मगिरी उभा आहे. गोदावरीचे उगमस्थान म्हणून तो आपल्याला परिचित आहे. पण याच डोंगरावर त्र्यंबकगड हा किल्ला होता, याकडे सहसा लक्ष जात नाही. १६७०-७१ च्या मोहिमेत हा गड मोगलांकडून स्वराज्यात आणला तो मोरोपंतांनी. ते त्या वेळी पेशवे होते. प्रधानाने गड जिंकावा, हे आज चमत्कारिक वाटते. तसे का वाटते, हाच या पाठाचा विषय आहे.

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. ‘मोरो त्रिंबक’ या नावातील ‘त्रिंबक’ हे त्यांच्या वडिलांचे नाव. गडाशी त्याचा संबंध नाही. ‘त्र्यंबक’ म्हणजे तीन नेत्रांचा, अर्थात शिव. त्याच शब्दाचे हे बोलीतील रूप होय.

२. कार्याचे टप्पे
प्रतापगडाचे बांधकाम मोरोपंतांच्या देखरेखीखाली झाले. १६५९ मध्ये त्याच गडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या फौजेवर जे पायदळ तुटून पडले, त्याचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते. शामराजपंत रांझेकरांनंतर त्यांना पेशवेपद मिळाले. १६६६ मध्ये महाराज आग्र्याला गेले, तेव्हा जिजाबाईंच्या छत्राखाली राज्यकारभार सांभाळणाऱ्यांत ते प्रमुख होते. १६७२ च्या आरंभी साल्हेरच्या लढाईत सरनौबत प्रतापराव गुजर यांच्यासह त्यांनी मोगल सैन्याचा पराभव केला आणि त्याच वर्षी जव्हार व रामनगर ही संस्थाने घेतली. १६७७ मध्ये महाराज कर्नाटकच्या स्वारीवर असताना मागील राज्याची जबाबदारी पुन्हा त्यांच्याकडे आली.

या क्रमाकडे बारकाईने पाहा. बांधकाम, युद्ध, कारभार, पुन्हा युद्ध, पुन्हा कारभार. ही दोन वेगळी आयुष्ये नव्हेत. स्वराज्याचा कणा किल्ले होते. जिंकलेल्या गडावर शिबंदी नेमणे, धान्य भरणे, भोवतालच्या मुलखाचा वसूल लावणे ही कामे त्वरित झाली नाहीत, तर गड हातात राहत नसे. म्हणून जिंकणारा आणि व्यवस्था लावणारा एकच असणे सोयीचे होते.

३. पदनामाचा अर्थ
‘पेशवा’ हा फारसी शब्द. मूळ अर्थ पुढे असणारा, अग्रणी. १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी पदांना संस्कृत नावे देण्यात आली : पेशव्याचा ‘मुख्य प्रधान’ झाला, मुजुमदाराचा ‘अमात्य’, सुरनिसाचा ‘सचिव’. नावे बदलली, तरी कामाचे स्वरूप बदलले नाही. पंडितराव व न्यायाधीश वगळता अष्टप्रधानांतील सर्वांना प्रसंगी रणांगणावर जावे लागे. ‘मुख्य प्रधान’ वाचताच आपल्यासमोर आजचा मंत्री उभा राहतो. तो बाजूला सारल्याशिवाय मोरोपंत समजत नाहीत.

४. मर्यादा
हातात फौज व कारभार दोन्ही असणारा अधिकारी वारसाच्या प्रश्नात तटस्थ राहू शकत नाही. १६८० मध्ये महाराजांच्या निधनानंतर मोरोपंत अण्णाजी दत्तोंसह राजारामांच्या पक्षात राहिले. संभाजीराजांविरुद्ध पन्हाळ्याकडे निघालेल्या या दोघांना सेनापती हंबीरराव मोहिते यांनी कैद केले. राज्य उभारताना उपयोगी पडलेले सामर्थ्य राजगादीच्या वादात राज्यालाच धोकादायक ठरू शकते, हा या प्रसंगाचा धडा आहे.

पुढे पेशवेपद मोरोपंतांचे पुत्र निळोपंत व बहिरोपंत यांच्याकडे आले. १७१३ मध्ये ते पिंगळे घराण्याकडून बाळाजी विश्वनाथांकडे गेले. त्र्यंबकेश्वराचे आजचे मंदिर उभारणारे नानासाहेब पेशवे हे त्यांचे नातू. म्हणजे ब्रह्मगिरीवरचा गड आणि पायथ्याचे मंदिर, दोहोंच्या इतिहासात ‘पेशवा’ हाच शब्द येतो. परंतु पहिल्या ठिकाणी तो राजाच्या आज्ञेत वागणारा सेवक आहे आणि दुसऱ्या ठिकाणी राज्याचा प्रत्यक्ष सूत्रधार.

५. स्वयं-अध्ययन
(अ) मोरोपंतांच्या कार्यात युद्ध आणि कारभार यांचा संबंध दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
(आ) ‘पेशवा’ या शब्दाच्या अर्थात १६७४ ते नानासाहेबांच्या काळापर्यंत कोणता फरक पडला?
(इ) आपल्या गावातील ‘देशमुख’, ‘पाटील’, ‘कुलकर्णी’ यांपैकी एक शब्द निवडून त्याचा पूर्वीचा व आजचा अर्थ लिहा.