दुर्मीळ पक्ष्यांच्या शोधात : अल्लीपूर शिवारातला हिवाळी दिवस

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले अल्लीपूर हे काळ्या कसदार जमिनीचे, कापूस, तूर आणि हरभऱ्याचे शिवार. जवळून यशोदा नदी वाहते आणि पुढे वर्धा नदीला मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात हिमालयापलीकडून येणारे पक्षी अशा उघड्या शेतांत आणि नदीकाठी उतरतात. जंगलातल्यासारखी आखलेली वाट, चौकीदार किंवा वाटाड्या इथे नसतो, त्यामुळे निरीक्षकाने स्वतःची आणि पक्ष्यांची काळजी स्वतःच घ्यायची असते.

अंधारात वावरात शिरू नये, हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम. डिसेंबरात तूर डोक्याएवढी वाढते, तिच्यात रानडुकरे आणि रोही दडतात. त्यांना रोखण्यासाठी धुऱ्याभोवती तारा ओढलेल्या असतात. अशा तारांना जोडलेल्या झटका मशीनचा धक्का सहसा जीवघेणा नसतो. पण कुठे कुठे तारेत थेट वीज सोडलेली असते. हे बेकायदेशीर आहे आणि विदर्भात त्याने माणसांचेही बळी गेले आहेत. दव पडलेल्या गवतात बारीक तार डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आदल्या दिवशीच गावात विचारपूस करावी आणि पूर्ण उजाडल्यावर पांदणीने निघावे. शेजारच्या समुद्रपूर तालुक्यात वाघाचा वावर असतो, तेव्हा एकट्यानेही जाऊ नये.

शेतात शिरण्यापूर्वी परवानगी घ्यावी. ‘भाऊ, धुऱ्यानं जाऊ काय?’ एवढे विचारले की बहुतेक शेतकरी वाट दाखवतात, शिवाय कोणता पक्षी कुठे बसतो हेही सांगतात. रात्रीच्या ओलिताला आणि जागलीला जाणाऱ्या माणसाइतके शिवार दुसरे कोणी पाहत नाही. नुकतेच पाणी दिलेल्या हरभऱ्यात पाऊल घालू नये. पिकाचे नुकसान तर होतेच, शिवाय काळी माती पाय धरून ठेवते.

पाणवठ्यावर बसलेल्या थव्याकडे सरळ चालत जाणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक असते. पट्टकदंब हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात, दिवसा पाण्याकाठी विसावतात आणि अंधार पडताना चरायला निघतात. डोक्याच्या मागच्या बाजूचे दोन काळे पट्टे ही त्यांची खूण. माना ताठ होऊन सगळे एकाच दिशेला पाहू लागले की तिथेच थांबावे. विसाव्याच्या वेळी पुन्हा पुन्हा उडावे लागले तर त्यांनी कमावलेली ताकद वाया जाते. छायाचित्रासाठी खडा मारून थवा उडवणे हा तर निव्वळ छळ आहे.

दुपारनंतर भोवत्ये (हॅरिअर) शेतांवरून कमी उंचीवर, संथ झोके घेत फिरतात. ओळखीचा खरा कस इथे लागतो. माँटेग्यू हॅरिअरच्या नराच्या करड्या पंखावर वरच्या बाजूला काळी रेघ असते, तर पॅलिड हॅरिअरचा नर जास्त फिकट असून त्याच्या पंखाच्या टोकाला निमुळता काळा पट्टा दिसतो. माद्या मात्र दोन्ही जातींच्या तपकिरी, कमरेवर पांढऱ्या. मानेभोवती फिकट पट्टा आहे की नाही, हे नीट दिसल्याशिवाय नाव देऊ नये. भोवत्ये रात्री गवताळ माळावर जमिनीवरच एकत्र मुक्काम करतात, तेव्हा सांजवेळी त्या गवतात चालणे टाळावे.

नाल्याच्या उभ्या काठावर आणखी जपावे लागते. शृंगी घुबड काडीसुद्धा न आणता मातीच्या कपारीत अंडी घालते, आणि तेही याच मोसमात. पायाशी मोठे घुबड अचानक उठले तर आल्या वाटेने परत फिरावे. अंधश्रद्धेपायी घुबडांची शिकार होते. मोबाइलच्या छायाचित्रात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश साठवलेले असू शकतात, म्हणून घुबडाच्या घरट्याची छायाचित्रे समाजमाध्यमांच्या गटांवर टाकू नयेत.

नोंदीत खोट शिरली की काय होते, याचा मोठा दाखला महाराष्ट्रातच आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचे खानदेशातले नमुने १८८४ पर्यंतचे. त्यानंतर तो दिसेनासा झाला. ब्रिटिश पक्षीअभ्यासक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीजवळ तो मिळवल्याची नोंद होती. प्रत्यक्षात तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नवे लेबल लावलेला होता. त्या लेबलामुळे शोध भलत्याच ठिकाणी झाला. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. एकाच खोट्या नोंदीने अनेकांची वर्षे वाया घालवली.

म्हणून दुर्मीळ पक्षी दिसताच तारीख, वेळ, अंतर, प्रकाशाची दिशा आणि दिसलेल्या खुणा जागीच वहीत लिहाव्यात, पुस्तक नंतर उघडावे. अगोदर पुस्तक पाहिले की न दिसलेल्या खुणाही दिसल्यासारख्या वाटतात. खात्री नसेल तर ‘भोवत्या, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे. अशी प्रामाणिक नोंद अभ्यासकाला चुकीच्या दुर्मीळ नावापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते.